साडेतीनची लेन्स

माझी लेन्स साडेतीनची आहे. आहे म्हणजे आजही आहे, रोज पुसते, आणि कुणी सोन्याच्या ताटात दीडची आणून दिली तरी मी ती लावणार नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे माझं मन वळवायला येणाऱ्यांचे श्रम वाचतील.

येतात अजून. जुन्या फिल्म कॅमेऱ्यांचं वेड लागलेली शहरातली मंडळी कुणाकडून तरी पत्ता काढून आमच्या दुकानात येतात, कपाटातला कॅमेरा हातात घेतात, "रेंजफाइंडर, वा" म्हणतात, आणि लेन्सवरचा आकडा वाचला की त्यांचा चेहरा पडतो. आकडा जितका लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं आणि तितका उजेड जास्त आत. दीडच्या लेन्सने दिवेलागणीलासुद्धा फोटो निघतो, म्हणून ती फास्ट. माझी स्लो. नावंच अशी ठेवलीत की एक वर्गात पहिली येणारी वाटावी आणि दुसरी मागच्या बाकावरची ढ. मी त्यांना चहा पाजते आणि सांगते की या ढ लेन्सने तालुक्यातल्या दोन पिढ्यांची लग्नं काढलीत, आणि एकाही फोटोत कुणाची आत्या धूसर आलेली नाही.

आत्या हा चेष्टेचा विषय नाही. आमच्याकडे लग्नात सगळ्या भावकीचा एक फोटो निघतो. पुढे सतरंजीवर पोरं, मग खुर्च्यांवर मानाची माणसं, मागे उभे, त्यांच्या मागे बाकड्यावर उभे. लेन्सचं मोठं तोंड पूर्ण उघडं ठेवून हा फोटो काढला तर खुर्चीवरचा मामा लख्ख येतो आणि बाकड्यावरची आत्या धुक्यात जाते. धुक्यात गेलेली आत्या पुढच्या लग्नाला येत नाही. म्हणून तोंड बारीक करायचं, आठावर, अकरावर आणायचं, की पुढून मागपर्यंत सगळे स्पष्ट. आता तोंड बारीकच करायचं असेल तर मोठ्या तोंडाची जड काच गळ्यात बांधून हिंडायची कशाला, याचं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही. आणि उजेड म्हणाल, तर बीड जिल्ह्यात बाकी कशाचाही तुटवडा पडला, उन्हाचा पडलेला मी पाहिला नाही.

कॅमेरा वडिलांचा. निजामाच्या वेळी नोकरीला लागलेल्या एका तहसीलदाराची बदली झाली, तेव्हा त्यांनी तो वडिलांना देऊन टाकला. लेन्स फिरवून आत ढकलली की कॅमेरा सदऱ्याच्या खिशात मावतो. वडील तो तसाच खिशात टाकून यष्टीने कपिलधारला जायचे, धबधब्याखाली भिजलेल्या माणसांचे फोटो काढायचे आणि ओल्या कपड्यांनी परत यायचे. पुढे त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि कॅमेरा माझ्या गळ्यात आला. बाईमाणूस दुकान चालवणार म्हणून बाजारात महिनाभर करमणूक झाली. नंतर तीच माणसं लग्नाच्या पोरींना फोटोसाठी माझ्याकडेच घेऊन आली, कारण पोरी माझ्यासमोर मान वर करायच्या.

मी सांगणार आहे ते त्या वर्षाचं, जेव्हा पाऊस लागोपाठ दुसऱ्यांदा दडी मारून बसला. कपिलधारला धबधबा नव्हता, कातळावर नुसता ओला डाग होता. आमच्या धंद्याला पाणी लागतं. फोटो रसायनातून काढला की वाहत्या पाण्यात खूप वेळ धुवावा लागतो, नाहीतर काही वर्षांनी पिवळा पडतो. टँकरच्या पाण्यातून आई एक घागर माझ्यासाठी बाजूला ठेवायची आणि ठेवताना प्रत्येक वेळी मला ऐकवायची. त्या वर्षीचे माझे सगळे फोटो आज कडेने पिवळे आहेत.

गावाबाहेरच्या माळावर सहकारी साखर कारखाना होता. त्याचे चेअरमनसाहेब म्हणजे आमच्या भागातलं मोठं प्रस्थ. वाईट माणूस नव्हता, हेही सांगते. तरुणपणी सायकलवरून गावोगाव हिंडून त्यांनी शेअर गोळा केले होते, माझ्या वडिलांनीही एक घेतला होता, आणि ज्या माळावर कुसळं उगवायची तिथे त्यांनी धुराडं उभं केलं होतं. पण चाळीस गावांनी मिळून उभारलेली वस्तू आपण एकट्याने उभारली असं माणसाला हळूहळू वाटायला लागतं, तसं त्यांना वाटायला लागलं होतं. कारखाना, दूधसंघ, पतसंस्था, सगळीकडे त्यांचा शब्द. या सगळ्यांच्या फोटोंचं काम आमच्याकडे होतं, म्हणजे निम्मं दुकान त्यांच्या शब्दावर चालत होतं.

त्या साली गाळपाला ऊसच नव्हता. जो काही खुरटलेला उभा होता तो चारा म्हणून तोडून कारखान्याच्याच आवारात छावणीला दिला जात होता. ज्या यार्डात उसाच्या गाड्या रांगेने उभ्या राहायच्या तिथे दावणीला जनावरं बांधलेली होती. माणसं दुसऱ्या मुलखात ऊसतोडीला गेली होती, आणि मागे राहिलेली म्हातारी माणसं आणि बाया आपापल्या जनावरापाशी राहत होत्या. एका जनावराला रोज एक मोळी उसाची, तीही बारकी.

असं असूनही मोळीचा कार्यक्रम करायचा ठरला. दरसाल हंगामाच्या सुरुवातीला चेअरमन पहिली मोळी गव्हाणीत टाकतात. ऊस जिथून आत जातो त्या उतरत्या हौदाला गव्हाण म्हणतात, तिच्या तळाशी साखळी फिरते आणि ऊस वर चरकाकडे नेते. गव्हाण एक साल उपाशी राहिली तर पुन्हा कारखाना चालत नाही, असं संचालकांपैकी कुणीतरी म्हणालं आणि त्यावर बोलायची कुणाची छाती झाली नाही. ठरलं, की पूजा करायची, एकच मोळी टाकायची, साखळी जरा वेळ फिरवायची, आणि त्याचा फोटो वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर घ्यायचा.

आदल्या दिवशी चेअरमनसाहेबांची जीप दुकानासमोर थांबली. त्यांनी काउंटरवर कातडी डबी ठेवली आणि उघडली. आत दीडची लेन्स होती, वाटीएवढी.

"ही लावा उद्या, ताई. जावयानं आणलीय बाहेरून. तुमच्या कॅमेऱ्याला बसती, मी इचारून घेतलंय."

"माझी आहे की, साहेब."

"तुमची हाय, पण तिच्यात मागचं समदं दिसतं. गेल्या साली माझ्या फोटोत मागं पान्याचा रिकामा ड्रम घेऊन बसलेलं मानूस आलं. लोक मला सोडून त्या ड्रमचं इचारतेत. हिच्यात मागचं पुसून जातं. मानूस तेवढा उठून दिसतो."

मी म्हटलं, ड्रम होता म्हणून आला. ते हसले, डबी माझ्याकडे सरकवली आणि निघून गेले. वडील आतून सगळं ऐकत होते. "लाव एकदा, त्यांचं समाधान होऊ दे," म्हणाले. "मग आपली लाव." आयुष्यभर गिऱ्हाईक सांभाळलेल्या माणसाचा तो सल्ला होता, आणि मी तो पाळायचा ठरवला.

दुसऱ्या दिवशी गव्हाणीच्या शेडमध्ये सगळे जमले. बाहेर ऊन मी म्हणत होतं, पण पत्र्याखाली अंधारच. संचालक पुढे, सभासद मागे आणि कठड्याला टेकून. निम्म्या सभासदांची जनावरं बाहेर छावणीत होती, त्यामुळे अंगाला चाऱ्याचा वास. मोळीला झेंडूची माळ आणि कुंकू. चेअरमनसाहेबांच्या गळ्यात त्याहून मोठा झेंडूचा हार.

मी वाटीएवढी लेन्स लावली आणि डोळा खिडकीला लावला. या रेंजफाइंडर कॅमेऱ्यात आपण लेन्समधून बघत नाही, तिच्या वर डावीकडे असलेल्या छोट्या खिडकीतून बघतो. लेन्स जाडजूड असली की तिचा काळा खांदा चौकटीत उजवीकडे खालच्या कोपऱ्यात घुसतो, आणि त्या कोपऱ्यात काय आहे ते फोटो धुऊन निघेपर्यंत कळत नाही. मला चेअरमनसाहेब दिसले, गुरुजींचा हात दिसला, मोळीचा शेंडा दिसला. मी खटका दाबला.

साहेब मोळी उचलायला लागले. मोळी उचलेना. त्यांनी पाय रोवून पुन्हा जोर लावला. संचालक हसल्यासारखं करायला लागले, की साहेबांचं वय झालं. मला मात्र राग आला होता तो त्या कोपऱ्याचा. जे आपल्यासमोर आहे ते बघायला मिळू नये, आणि वर त्याला भारी लेन्स म्हणायचं? मी ती फिरवून काढली, डबीत टाकली, माझी साडेतीनची लावली आणि पुन्हा डोळा लावला. खिडकी चारही कोपऱ्यांनी मोकळी झाली. उजवीकडे खाली एक हात होता. हाताला लुगड्याच्या काठाची दोरी गुंडाळलेली होती, आणि त्या दोरीचं दुसरं टोक मोळीला होतं. गव्हाणीच्या कठड्याखाली एक बाई उकिडवी बसली होती आणि दोरी धरून मागे रेलली होती.

मी कॅमेरा खाली घेतला. "मावशी, काय झालं?"

"मोळी माज्या गाईची हाय," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "सकाळी माज्या वाट्याला आली, म्या बांधून ठिवली. छावनीवाले आले अन् म्हनले, नीट बांधलीय, फोटोला द्या, फोटो झाला की परत देतो. अन् इथं तर आत टाकाय लागलेत. आत गेलेली परत येती व्हय?"

येत नाही. साखळी फिरणार होती, आणि एकदा साखळीवर पडलेला ऊस थेट चरकात. छावणीवाल्याने हे मनात घेतलंच नव्हतं. हंगाम नाही म्हणजे साखळी बंद, एवढाच त्याचा हिशोब. आणि गव्हाणीत पडलेलं कुणी हाताने परत काढत नाही, ते अशुभ मानतात. म्हणजे फोटो झाला की गाय त्या दिवशी उपाशी.

"मावशी, दुसरी देऊ तुमाला," एक संचालक म्हणाला.

"दुसरी कुनाची?" तिने विचारलं.

दुसरी म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी गाईची. बाईचे सगळे घरचे तोडीला गेलेले, घरी ती आणि ही एक गाय, आणि दुष्काळ संपेपर्यंत ही गाय उभी ठेवायची एवढंच काम तिच्यावर सोपवून गेले होते. हे तिने मला नंतर सांगितलं. तेव्हा ती नुसती दोरी धरून होती.

चेअरमनसाहेब माझ्याकडे वळले. "कावून थांबलात, ताई? काढा की फोटो."

मी कॅमेरा तिपाईवर चढवला. पत्र्याखालच्या अंधारात माझ्या लेन्सला आठावर एक सेकंद लागणार होता, आणि त्या सेकंदात काहीही हललं की ते फरफटल्यासारखं उमटणार. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या लेन्सच्या मंदपणाचा उपयोग दिसला.

"काढते, साहेब," मी म्हटलं. "पण दोरी ताणलेली आहे. तुमचा हात थरथरतोय, मावशींचा थरथरतोय. माझी लेन्स सावकाश बघते. दोरी सैल पडल्याशिवाय फोटो निघणार नाही."

"मग ती मोठी लावा."

"ती लावून झाली. तिच्यात मावशी दिसत नाहीत."

"नाही दिसली तर नाही दिसली. तुमी फोटो काढाय आलात का पंचायत कराय?"

"फोटोच काढायला आले. समोर आहे तेवढं सगळं काढणार. मावशी आहेत, तर मावशी येणार."

निम्मं दुकान त्या माणसाच्या हातात होतं आणि तो हात मोळीवर होता. पण मला संताप आला होता, आणि संताप आला की मला माझं हित दिसत नाही, हा दोष मी जपून ठेवला आहे.

गुरुजींनी घसा साफ केला. एक कांडं वाहिलं तरी पूजा पुरी होते, म्हणाले. साहेबांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मग कठड्यापाशी उभ्या असलेल्यांतून एकजण म्हणाला, "कांडंच टाका, साहेब." त्याच्या मागून दुसरा तेच म्हणाला. तिसऱ्याने तर म्हटलं, "आमच्या बी गाई भाईर हायेत." कुणी ओरडलं नाही. पण सहकारी कारखान्यात सभासद म्हणून कुणी असतात, आणि ते शेडमध्ये उभे आहेत, हे साहेबांना त्या दिवशी बहुधा बऱ्याच वर्षांनी दिसलं.

त्यांनी मोळीतून एक ऊस उपसला. बाकीची मोळी सोडली. दोरी सैल पडली.

बाईने मोळी डोक्यावर घेतली आणि जायला निघाली. मी म्हटलं, "मावशी, एक सेकंद थांबा. हलू नका. साहेब, तुम्हीपण." ती जिथे होती तिथेच उभी राहिली, साहेबांच्या शेजारी, झेंडूच्या माळेसकट मोळी डोक्यावर. मी खटका दाबला. सगळी शेड न हलता उभी होती, पत्र्यावर चिमण्यांच्या पायांचा आवाज येत होता. मग भोंगा वाजला, साखळी फिरली, आणि त्या एवढ्या रुंद गव्हाणीतून एकच ऊस एकटाच वर चढत गेला.

दोन्ही फोटो मी धुतले. वाटीएवढ्या लेन्सने काढलेल्या फोटोत साहेब नेमके त्या क्षणी वितभर पुढे झुकले होते, त्यामुळे गळ्यातले झेंडू पाकळी न् पाकळी स्पष्ट होते आणि त्यांचा चेहरा पिठासारखा भुरका. उजव्या कोपऱ्यात कसलातरी फिका डाग. दुसऱ्यात मावशी होती, म्हणून अहवालावर तोच फोटो छापला. डाग छापखान्यात कापून टाकला. त्या साली चाळीस गावांत घरोघर झेंडूचा फोटो गेला.

माझा फोटो मी दुकानाच्या काचेत लावला. त्यात साहेबांच्या मिशीचे केस दिसत होते, मोळीची पेरं दिसत होती, दोरीवरचा काठ दिसत होता, आणि सगळ्यात मागे कठड्यावरच्या माणसांचे चेहरे एकेक ओळखू येत होते. लोक काचेला नाक लावून आपापला माणूस शोधायचे. लेन्स मी डबीत घालून साहेबांच्या बंगल्यावर पोचती केली. कारखान्याचं काम बंद झालं, मग दूधसंघाचं, मग पतसंस्थेचं. आईने पाण्याच्या घागरीसोबत हेही ऐकवायला सुरुवात केली. वडील दुकानात आले की धूसर डोळ्यांनी त्या फोटोसमोर उभे राहायचे आणि मला म्हणायचे, मागच्या ओळीत कोण कोण आहे ते सांग.

फोटो काढून टाका, असा निरोप दोनदा आला. तिसऱ्यांदा साहेब स्वतः आले. काचेसमोर उभे राहिले.

"माजा चेहरा चांगला आलाय की," म्हणाले.

"आलाय, साहेब."

"मग हिला कापा तेवढी. मी लावतो आफिसात."

"कात्री आहे," मी म्हटलं, "पण माझ्या हाताने चालणार नाही." मला त्यांचं वाईटही वाटलं. सायकलवरून हिंडलेला तो माणूस त्या फोटोत होता, आणि तो तसा फक्त त्याच फोटोत होता. पण वाईट वाटलं म्हणून बाई कापता येत नाही. ते गेले.

पुढच्या साली पाऊस पडला. एका बाजाराच्या दिवशी भर दुपारी दुकानासमोर गाय येऊन उभी राहिली. सोबत मावशी. आमचं दुकान मोठ्या रस्त्यावर, समोर बैलगाड्या, यष्ट्या, भाजीवाले, आणि या सगळ्यांच्या मधोमध आडवी गाय.

"इकाय आणलीस काय गं?" शेजारचा कापडवाला म्हणाला.

"इकाय न्हाई," ती म्हणाली. "फोटोला आणलीय." आणि मला म्हणाली, "बाई, हिचा काढा. तसाच काढा, मागचं समदं येऊ द्या."

मी कॅमेरा घेऊन पायरीवर आले. गाईच्या मागे रस्ता तुंबला होता आणि त्यात एक जीप कर्णा वाजवत होती. मी डोळा लावला. चारही कोपरे मोकळे. गाय, मावशी, जीप, आणि जीपमध्ये पुढच्या सीटवर चेअरमनसाहेब. मी हात वर केला आणि म्हटलं, "एक सेकंद. कुणी हलू नका."

कर्णा थांबला. साहेब ताठ, न हलता बसून राहिले. गव्हाणीच्या शेडमधला सेकंद त्यांच्या लक्षात होता. असल्या उन्हात माझ्या लेन्सला सेकंदाचा सव्वाशेवा हिस्सासुद्धा पुरतो, पण ते मी त्यांना सांगितलं नाही. मी अगदी तब्येतीत, सावकाश गाय बघितली, मावशी बघितली, जीप बघितली, आणि मग खटका दाबला.

पुढच्या बाजाराला मावशी फोटो न्यायला आली. त्या साली पाणी भरपूर होतं, मी तो फोटो दिवसभर धुतला होता, तो आजही पिवळा पडलेला नसणार. तिने पदराला हात पुसले, फोटो उन्हात धरला. गाईची शिंगं बघितली, स्वतःचा चेहरा बघितला. जीपकडे तिचं लक्षही गेलं नाही. मग तिने गाईच्या गळ्यापासून स्वतःच्या मुठीपर्यंत बोट फिरवत नेलं.

"दोरी आली का वं?" तिने विचारलं.

"आली," मी म्हटलं.